जळगाव-भुसावळ रोजच्या ये-जा साठी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० कार टिकेल का?

टिकेल, पण डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. या गाडीचे क्लच तेलातच फिरतात. घासून निघालेली बारीक काळी भुकटी त्याच तेलात उतरते. भुसावळला गॅरेजात रोज हेच काम करतो, म्हणून सांगतोय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा आठवड्यातून एकदा गार इंजिनावर कूलंटची पातळी बघाच. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, कापसाचे तंतू मार्चमध्येच धुऊन काढा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. मात्र रोजच्या वाटेत शेतशिवाराचा कच्चा रस्ता असेल तर ही गाडी घेऊ नका, खड्ड्यात रिम वाकतात.