मॉक १४ झाले, स्कोअर तिथंच!

या वेळी आलेली निम्मी पत्रं एमबीएच्या प्रवेश परीक्षांची आहेत. दिवाळी जवळ आली की असं होतंच, कारण नोव्हेंबरच्या शेवटाला कॅट (आयआयएमसाठीची परीक्षा) असते, आणि जीमॅटवाले (बहुतेक परदेशी एमबीएसाठी देतात ती परीक्षा) तर काय बाराही महिने असतात. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनी पण ते वाचा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी हिंजवडीत आयटीत आहे, ६ वर्षं झाली. पुढच्या वर्षी युरोपात एमबीएला जायचं म्हणून जीमॅटची तयारी करतोय. जूनपासून जवळजवळ दर शनिवारी एक मॉक (सराव परीक्षा), असे १४ झाले. पहिला ५६५ आला, मधे एकदा ६१५ आला, मग परत ५७५, ५८५ असंच चाललंय. मला ६४५ पाहिजे. ऑफिशियल मॉक सगळे संपले. आता आणखी कुठली सिरीज विकत घेऊ? – हिंजवडीचा एक आयटीवाला

उत्तर : नको घेऊस. म्हणजे पैसे तुझे आहेत बाबा, पण पंधरावा मॉक तुला जे सांगणार आहे ते चौदाव्याने सांगून झालंय, तेराव्याने पण सांगितलंय, तू फक्त स्कोअर बघून लॅपटॉप मिटलास. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुझ्या पत्रातच दिसतंय, कारण तू मला आकडे लिहिलेस पण क्वांट (गणित) कच्चं आहे की व्हर्बल (इंग्रजी) की डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेख आणि माहितीवरचे प्रश्न), याबद्दल एक शब्द नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरंय, पण दर पाच मिनिटांनी झाकण काढून शीत दाबत बसलं तर भात शिजायचा कधी?

मी स्वतः हेच केलंय म्हणून एवढं बोलतेय. २०१६ला कॅट दिली तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून २६ मॉक दिले, रूमच्या भिंतीवर स्कोअरचा ग्राफ चिकटवला होता, रूममेट येता-जाता बघून 'वा' म्हणायची. ज्या क्लासचे मॉक होते ते म्हणायचे जास्तीत जास्त द्या, मी दिले. एकाही पेपरची सोल्यूशन नीट उघडून बघितली नाही. निकाल आला तो पहिल्या चार-पाच मॉकमध्ये जेवढं येत होतं तेवढाच. पुढच्या वर्षी फक्त १० दिले पण प्रत्येकावर दोन-दोन दिवस बसले, आणि तेव्हा कुठे गाडी हलली.

तर आता तू काय करायचं. तीन-चार आठवडे नवीन मॉक बंद. त्या १४ मधले शेवटचे ५ काढ, एक दोनशेपानी वही घे, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न आधी उत्तर न बघता, घड्याळ न लावता, कोऱ्या कागदावर परत सोडव. सुटला तर तुला तो येत होता, म्हणजे गडबड वेळेची किंवा वाचण्याची आहे. नाहीच सुटला तर मग तो टॉपिक खरंच कच्चा आहे. या दोन वेगळ्या दुखण्यांना औषध वेगळं लागतं, आणि मॉकचा स्कोअर दोघांना मिळून एकच आकडा देतो, तिथेच सगळा घोळ होतो. वहीत प्रत्येक प्रश्नाला एक ओळ लिहायची, स्वतःच्या भाषेत, का चुकला. 'सिली मिस्टेक' असं लिहायला बंदी! सिली म्हणजे काय ते लिही – 'कमीत कमी' विचारलं होतं मी 'जास्तीत जास्त' काढलं, असं.

अजून दोन प्रकारचे प्रश्न वहीत यायला पाहिजेत जे बरोबर आलेत म्हणून कोणी बघतच नाही. एक म्हणजे तुक्का. तुक्का लागून बरोबर आलेला प्रश्न चूक म्हणूनच लिहायचा, नाहीतर ६१५ आला तो दिवस खरा आणि बाकीचे दिवस वाईट होते असं वाटत राहतं, तुला वाटतंयच बहुतेक. आणि दुसरा म्हणजे ५ मिनिटं खाऊन बरोबर आलेला. क्वांटमध्ये ४५ मिनिटांत २१ प्रश्न म्हणजे एकाला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद, व्हर्बलमध्ये २३ आहेत म्हणजे दोन मिनिटंही पूर्ण नाहीत. तो ५ मिनिटांचा प्रश्न पुढच्या दीड प्रश्नाचा घास घेऊन बरोबर आलाय. जीमॅटमध्ये भाग अर्धवट राहिला तर स्कोअरला चांगलाच फटका बसतो, म्हणून शेवटचे प्रश्न घाईत टिकटिक करत संपवावे लागतात आणि मग आपण म्हणतो शेवट अवघड होता.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याची खात्रीच होती की त्याचं प्रोबॅबिलिटी कच्चं आहे, महिनाभर तेच घासत होता. वही भरल्यावर दिसलं की प्रोबॅबिलिटीचे मुळात एखाददोनच प्रश्न येत होते आणि त्याचे खरे मार्क जात होते साध्या शाब्दिक गणितांत, कारण हा वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच समीकरण मांडायला घ्यायचा.

आणखी एक बघ, तुझ्या १४ मधले काही मॉक जुन्या पद्धतीचे तर नाहीत ना? जीमॅट नोव्हेंबर २०२३ पासून बदललीये, आता ६४ प्रश्न, सव्वादोन तास, स्कोअर २०५ ते ८०५. भूमिती गेली, सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) गेलं, डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती उत्तराला पुरते का ते सांगणं) क्वांटमधून डेटा इनसाइट्समध्ये गेलं. तरी मित्राने दिलेली जुनी पुस्तकं आणि जुने मॉक अजून फिरतायत, लोक ते मनापासून सोडवतात. (घरी काका-मामा '७०० पाहिजेत' म्हणत असतील तर त्यांना सांग, ते जुने ७०० म्हणजे आताचे साधारण ६४५, तुझं टार्गेट ठीकच आहे.)

पेपर अवघड वाटला म्हणून मॉकमध्ये मधेच हातपाय गाळू नकोस, ही परीक्षा तुझ्या उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलते, तू बरोबर देत गेलास की ती अवघड देत जाणार. आणि मॉकमध्ये पॉजचं बटण असेल तर त्याला हात लावायचा नाही, चहा नंतर. तीन भागांचा क्रम तुला निवडता येतो तो आत्ताच ठरवून टाक. बुकमार्क करून भागाच्या शेवटी ३ उत्तरं बदलता येतात त्याची पण सवय मॉकमध्येच लागते, पण त्यासाठी शेवटाला वेळ उरायला पाहिजे. उरतो का तुझा?

महिन्यानंतर ऑफिशियलपैकी सगळ्यात जुना दिलेला परत दे. काही प्रश्न ओळखीचे निघतील, त्यामुळे स्कोअर फुगेल, त्यावर खूश व्हायचं नाही, फक्त वेळ कसा गेला ते बघायचं. पुढच्या वेळी कोणाला सल्ला द्यायची वेळ आली तर सांग, ऑफिशियल ६ मॉक असतात, त्यातले पहिले २ फुकट, ते पहिल्याच महिन्यात उडवायचे नसतात.

प्रश्न : मुलगा कॅटची तयारी करतोय. दर रविवारी घरीच मॉक देतो. मार्क कमी आले की दिवसभर खोलीबाहेर येत नाही, धड जेवत नाही. काही बोललं की चिडतो. त्याचे वडील म्हणतात मॉक बंद कर. काय करावं? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : काकू, मॉक बंद नको, रविवारचा स्कोअर विचारणं बंद करा. तुम्ही विचारत नसाल तर वडील विचारत असतील, किंवा वरच्या मजल्यावरची आत्या. मुलाला सांगा की स्कोअर त्याने सोमवारी संध्याकाळी बघितला तरी चालेल, आधी पेपर परत सोडवायचा मग आकडा उघडायचा, अशी सवय बरीच मुलं लावून घेतात आणि त्याने फरक पडतो. तुमच्याकडून एकच मदत, ते दोन तास घरात मिक्सर, कुकर, बेल काहीही वाजू दे, तो आवाज बंद करायला धावू नका. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारचा मुलगा कीबोर्ड बडवत असतो, तिथे आई नसते. जेवण मात्र मॉकच्या आधी द्या. आणि चिडचिड रविवारपुरती न राहता झोप, खाणं सगळंच बिघडायला लागलं तर मग मॉकबिक राहू दे, सरळ डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मॉकमध्ये व्हर्बल ९४, क्वांट ९० पर्सेंटाइल येतं पण डीआयएलआर (डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंग) ५८च्या वर जातच नाही. रोज ३ सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे गट) सोडवते तरी. कॅटला दोन महिने राहिलेत. – एम.कॉम.वाली, नाशिक

उत्तर : घरी रोज ३ सेट सोडवतेस ते कुठले? पुस्तकात समोर येतील ते ना? मग तुझा सराव सोडवण्याचा होतोय, निवडण्याचा होतच नाही, आणि डीआयएलआर म्हणजे अर्धी परीक्षा निवडण्याचीच आहे. २०२४ला २२ प्रश्न होते, ५ सेट, ४० मिनिटं. पाचही कोणी सोडवत नाही, सोडवायचे पण नसतात, दोन सेट स्वच्छ आणि तिसऱ्यातले एखाददोन प्रश्न एवढ्यावर सुद्धा पर्सेंटाइल छान येतं. आमच्या वेळी ६० मिनिटांत ८ सेट होते, मी पहिलाच सेट धरून २२ मिनिटं त्याच्याशी भांडत बसले होते, कारण तक्त्यातले दोन खाने भरले होते आणि आता अर्धवट टाकायचा कसा! तो सुटलाच नाही.

आठवड्यातून तीन दिवस नवीन सेट सोडवणं बंद कर. त्याऐवजी जुन्या मॉकचे सगळे सेट समोर घे, ५ मिनिटं लावून नुसते वाच, कुठले दोन घेणार ते लिही, मग सोडवून बघ निवड बरोबर होती का. आणि घेतलेल्या सेटमध्ये ७-८ मिनिटांत एकही प्रश्न हाताला लागला नाही तर उठायचं, कितीही खाने भरलेले असू देत. टाइप करून उत्तर द्यायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, तिथे काहीतरी भरूनच निघ. हे मात्र लवकर कर, कारण एकूण पर्सेंटाइल छान असलं तरी आयआयएम प्रत्येक भागाचा वेगळा कटऑफ बघतात, ५८वर तुझे ९४ पण वाया जातील.

हो, आणि मॉक रोज सकाळीच देत असशील तर दोन-तीन दुपारी साडेबारा आणि साडेचारचे पण दे. स्लॉट आपल्या हातात नसतो. साडेबाराच्या स्लॉटला भूक लागते, हे कुणीच सांगत नाही.

प्रश्न : मी फक्त महाराष्ट्राची एमबीए सीईटी देणार आहे, जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम मिळावं अशी इच्छा आहे. मित्राकडे कॅटचे मॉक आहेत, तेच दिले तर चालतील का? – टीवायचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : क्वांट आणि वाचनाला थोडा उपयोग होईल, पण पेपर म्हणून नाही चालणार. कॅटमध्ये थांबून विचार करायचा असतो, सीईटीत पळायचं असतं. १५० मिनिटं, २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद. त्यात लॉजिकल रीझनिंगचे ७५ आणि आकृत्यांचे, म्हणजे अॅब्स्ट्रॅक्टचे २५, अर्धा पेपर इथेच संपला, आणि आकृत्या कॅटमध्ये येतच नाहीत. कॅटच्या मॉकने तुला दोन-दोन मिनिटं रवंथ करायची सवय लागेल. सीईटीच्याच पद्धतीचे पूर्ण २०० प्रश्नांचे मॉक दे, एका बैठकीत, कारण दीडशेव्या प्रश्नानंतर डोकं कसं बधिर होतं ते अर्ध्या पेपरात कळत नाही.

निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे मॉकमध्ये सुद्धा शेवटची ५ मिनिटं कोरे राहिलेले भरायला ठेव, १४९व्या मिनिटाला एकही कोरा नको. हसू नकोस, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने ११ कोरे सोडले होते. का रे म्हणून विचारलं तर म्हणाला, येत नव्हते.