गावच्या वाचनालयाची वेबसाइट करायची आहे, कोडिंग येत नाही. वर्डप्रेस घ्यावं, विक्स घ्यावं की एचटीएमएल शिकावं?

एचटीएमएल शिका, म्हणजे वेबपानं ज्या साध्या खुणांच्या भाषेत लिहितात ती. वाचनालयाची आठ-दहा पानं करण्यापुरतं ते आठवड्याभरात येतं. एवढंच लिहून थांबणार होतो, पण प्रश्नात 'वाचनालय' हा शब्द दिसला आणि राहवलं नाही.

2004 साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी आणि माझ्या दाजींनी मिळून केली. दाजींचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल. साइटवर टाकायला मजकूर मात्र सोन्यासारखा होता. माझे वडील शिक्षक. निवृत्त झाल्यावर सायकलवरून पंचक्रोशी फिरून त्यांनी प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या साताऱ्याच्या समांतर सरकारच्या, काळातल्या माणसांच्या आठवणी उतरवून घेतल्या होत्या. कुणी भाकरीच्या टोपलीतून चिठ्ठ्या पोचवलेल्या, कुणाच्या गोठ्यात भूमिगत मंडळी रात्र काढायची. अकरा वह्या भरल्या होत्या.

मी म्हणत होतो, युनिकोडमध्ये टाइप करू, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. दाजी म्हणाले, दुकानात जो फॉन्ट आहे त्यातच करायचं, पान जुळवायला माउसने ओढून ठेवायचं सॉफ्टवेअर आहे, वर सरकती पट्टी देता येते, कमिटी खूश होईल. दाजींपुढे मी किती बोलणार? तसंच केलं. त्या जुन्या फॉन्टांत 'क' हा मुळात 'क' नसतोच, इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची रास दिसते. त्यावर उपाय म्हणून डायनॅमिक फॉन्ट, म्हणजे पानाबरोबर आपोआप उतरणारा फॉन्ट, जोडला, तर तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचा. पुढच्या वर्षी भाचीने पुण्याला फायरफॉक्समध्ये साइट उघडली आणि फोन केला, "मामा, आजोबांचं एक अक्षर वाचता येत नाही." गूगलवर मराठीत गावाचं नाव टाकलं तरी साइट सापडायची नाही. सापडणार कशी? त्या पानांत मराठी अक्षरच नव्हतं.

2011 मध्ये सगळं नव्याने करायला घेतलं तोवर वह्यांना वाळवी लागली होती. आठवणी सांगणारी बहुतेक माणसं गेलेली. उरल्या होत्या त्या दाजींच्या फाइली. जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला, रफार एक घर पुढे, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', आणि त्या ओढून-ठेवायच्या सॉफ्टवेअरने ओळीओळीत घुसडलेले टॅग निराळेच. वडील 77 वर्षांचे होते. चार महिने रोज संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. जिथे अक्षर गळालं होतं तिथे डोळे मिटून आठवायचे. "ती म्हातारी 'मी गेलो' म्हणाली होती, तू 'गेले' करू नकोस." दोघा जणांनी सांगितलेल्या आठवणी मात्र शेवटपर्यंत जुळवता आल्या नाहीत. त्या कायमच्या गेल्या.

दाजी आजही म्हणतात, त्या वेळी दुसरा पर्यायच नव्हता. होता. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्ट यायचा. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला तो युनिकोडमध्येच.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट बघतो: उद्या हे बंद पडलं तर मजकूर जसाच्या तसा माझ्या हातात राहील का? वेबपानं बनवायचं फ्रंटपेज 2006 मध्ये बंद झालं, पानांवर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश 2020 च्या अखेरीस. सर्न या संशोधन संस्थेने जपून ठेवलेली, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या पानाची प्रत मात्र आजच्या ब्राउझरमध्येही उघडते, कारण ते साधं एचटीएमएल आहे. विक्सवर केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, म्हणून विक्सला माझं उत्तर 'नाही'. वर्डप्रेसमधून मजकूर एक्स्पोर्ट करता येतो, ते चालेल. पण त्यावर पेज बिल्डर, म्हणजे पान ओढून-ठेवून जुळवायचं जोड-सॉफ्टवेअर, चढवू नका, काही बिल्डर काढून टाकले की मजकुरात त्यांचे शॉर्टकोड, म्हणजे कंसातल्या खुणा, तसेच राहतात.

फाइल यूटीएफ-8 मध्येच, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, सेव्ह करा आणि पानाच्या सुरुवातीला चारसेटही (अक्षरं कोणत्या पद्धतीत आहेत ते सांगणारी नोंद) तोच द्या. लँग ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या नोंदीत, एमआर (मराठी) लिहा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात त्यामुळे 'श' आणि 'ल' आपल्या मराठी वळणाचे येतात.

आता दाजींच्या बाजूचंही सांगतो. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन सीडी घालावी लागायची, आणि आमच्या गावच्या सायबर कॅफेत ते कुणी केलं नव्हतं. तिथे युनिकोडचे नुसते चौकोन दिसायचे. कमिटीला दाखवायचं होतं ते त्याच कॅफेत. शिवाय तुम्हाला सभासदांची वर्गणी, पुस्तकांची देवघेव असं काही साइटवरून चालवायचं असेल तर नुसतं एचटीएमएल पुरणार नाही. तिथे वर्डप्रेसच घ्या, पण अपडेट वेळच्या वेळी करणारा माणूस आधी नेमा.

आणि तुमच्याकडे जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील तर त्या आजच बदलून घ्या, आणि ज्यांनी तो मजकूर मुळात लिहिला त्यांना शेजारी बसवून वाचून घ्या.