वाचकांचे प्रश्न : ग्रीक भाषेतील कपड्यांचे शब्द

प्रश्न : माझे यजमान एका ग्रीक जहाज कंपनीत अभियंता आहेत. पुढील वर्षी आम्हा सर्वांना काही काळासाठी पिरेअस येथे राहावे लागणार असल्यामुळे मी रोजच्या वापरातील ग्रीक शब्द शिकू लागले आहे. कपड्यांच्या शब्दांची एक यादी माझ्याजवळ आहे. तिच्यात डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द आणि उजव्या रकान्यात ग्रीक प्रतिशब्द दिलेला आहे. ही यादी पाठ करणे पुरेसे होईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यादी जरूर ठेवावी, परंतु तिचा डावा रकाना आपण स्वतः मराठीत लिहून काढावा, असे मी आग्रहाने सुचवीन. आपल्याकडे परकी भाषा बहुतेक वेळा इंग्रजीच्या आधारानेच शिकली जाते आणि त्यामुळे इंग्रजीतील अडचणी विनाकारण आपल्या वाट्याला येतात. कपड्यांच्या बाबतीत तर ग्रीकची ठेवण कित्येक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक जवळची आहे.

पहिली गोष्ट लिंगाची. ग्रीकमध्ये मराठीप्रमाणेच पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. आपण ‘तो सदरा’, ‘ती साडी’, ‘ते धोतर’ असे सहज म्हणतो, तसेच ग्रीक माणूस ‘ओ याकास’ म्हणजे कॉलर, ‘ई फूस्ता’ म्हणजे स्कर्ट आणि ‘तो पुकामिसो’ म्हणजे शर्ट असे म्हणतो. या ‘ओ’, ‘ई’, ‘तो’ ला उपपद म्हणतात. इंग्रजी यादीत ते बहुधा गाळलेले असते आणि नवशिक्याचे खरे नुकसान तेथेच होते. ‘झोनी’ म्हणजे कमरेचा पट्टा आणि ‘पापूत्सी’ म्हणजे बूट, या दोन्ही शब्दांच्या शेवटी कानाला ‘ई’च ऐकू येते, परंतु पहिला स्त्रीलिंगी आहे आणि दुसरा नपुंसकलिंगी, कारण लिहिताना त्यांच्या अखेरची अक्षरे वेगळी असतात. म्हणून ‘ई झोनी’ आणि ‘तो पापूत्सी’ असा जोडशब्दच पाठ करावा. त्याच्याशेजारी अनेकवचनही लिहावे : ‘पापूत्सी’चे ‘पापूत्सिया’, ‘फूस्ता’चे ‘फूस्तेस’, ‘पुकामिसो’चे ‘पुकामिसा’, आणि ‘फोरेमा’ म्हणजे बायकांचा झगा, त्याचे ‘फोरेमाता’. फ्रेंच व इंग्रजीतून अलीकडे आलेले ‘बुफान’, ‘पुलोवेर’, ‘फेरमुआर’ यांसारखे शब्द मात्र दोन्ही वचनांत तसेच राहतात.

दुसरी गोष्ट वचनाची. इंग्रजीत विजार अनेकवचनीच असते आणि एक नग म्हणायचा झाला तर ‘जोडी’ म्हणावे लागते. ग्रीकमध्ये एक विजार ती ‘पान्देलोनी’ आणि अनेक त्या ‘पान्देलोनिया’, म्हणजे सरळ मराठीसारखे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. इंग्रजी ‘जॅकेट’ या एका शब्दासमोर ग्रीकमध्ये निदान तीन शब्द येतात. सुटाचा कोट तो ‘साकाकी’, समोरून उघडणारा विणलेला स्वेटर ती ‘झाकेता’, आणि थंडीवाऱ्यात घालायचे चेनचे जाड जॅकेट ते ‘बुफान’. गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी ओव्हरकोट हा ‘पाल्तो’ आणखी निराळा. आपण मराठीत ज्याला जाकीट म्हणतो, त्या बिनबाह्यांच्या वस्त्राला ग्रीक लोक ‘यिलेको’ म्हणतात. ‘ब्लूझा’ या शब्दाविषयीही सावध राहावे. आपल्याकडे ब्लाउज म्हटले की साडीवरचाच डोळ्यांसमोर येतो. ग्रीक ‘ब्लूझा’ मात्र स्त्रीपुरुष दोघेही घालतात आणि साधा टी-शर्टही तिच्यातच मोडतो.

क्रियापदाच्या बाबतीत मात्र आपल्याला पुष्कळ विसरावे लागते. मराठीत सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, चष्मा आणि अत्तर लावतात. ग्रीकमध्ये या साऱ्यांसाठी ‘फोराओ’ हे एकच क्रियापद चालते आणि वर सांगितलेला ‘फोरेमा’ हा शब्द त्याच धातूपासून झाला आहे. ‘मी कपडे करते’ अशा अर्थाने ‘दीनोमे’ म्हणतात. एवढी दोन क्रियापदे आली की पहिल्या महिन्याचे काम भागते.

प्रश्न : ग्रीक आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे कपड्यांचे काही शब्द आहेत का, की हे साम्य केवळ योगायोगाचे असते? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : असे शब्द आहेत, आणि त्यांचे साम्य योगायोगाचे मुळीच नाही. हे शब्द ग्रीकमधून थेट मराठीत किंवा मराठीतून ग्रीकमध्ये गेलेले नसून, लॅटिन, अरबी, फारसी आणि तुर्की या भाषांच्या द्वारा ते दोन्हीकडे पोहोचले आहेत.

‘पापूत्सी’ हा शब्द घ्या. फारसीत ‘पा’ म्हणजे पाय आणि ‘पोश’ म्हणजे आच्छादन. या दोहोंपासून झालेला ‘पापोश’ तुर्कीत ‘पाबुच’ झाला आणि ग्रीसवर उस्मानी तुर्कांची राजवट असताना तेथून ग्रीकमध्ये ‘पापूत्सी’ होऊन स्थिरावला. तोच फारसी शब्द आपल्याकडे ‘पायपोस’ या रूपाने आला. त्याचे पहिले अक्षर आपल्या ‘पाय’ शब्दाशी इतके जुळते की तो परका असल्याची शंकाही कोणाला येत नाही. ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा अथेन्समधील माणूस बुटाला जे म्हणतो त्याच शब्दाचे भावंड आपल्या तोंडी असते.

‘पुकामिसो’ची कथा अशीच दूरवर जाते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अंगाला लागून घालायच्या सदऱ्याला ‘कामिसिया’ म्हणत. ग्रीकांनी त्यापासून ‘कामिसियोन’ केले आणि त्याच्या आत घालायचे वस्त्र म्हणून ‘हिपो’, म्हणजे ‘खाली’, हा उपसर्ग लावून ‘हिपोकामिसोन’ बनवले. पहिला स्वर झिजून आजचा ‘पुकामिसो’ उरला. लॅटिन शब्दच अरबीत ‘कमीस’ म्हणून रुळला आणि तेथून आपली ‘कमीज’ आली. पोर्तुगीजांचा सदऱ्याचा शब्दही त्याच कुळातला आहे.

डोक्याला बांधायच्या रुमालाला ग्रीकमध्ये ‘मान्दीली’ म्हणतात. हातपुसण्याच्या लॅटिन शब्दापासून तो झाला आहे, आणि त्याच शब्दाचे अरबी रूप मराठीत ‘मंदील’ होऊन आले. येथे मात्र अर्थ फारच बदलला. तिकडे ते खेड्यातल्या आजीच्या डोक्यावरचे साधे फडके आहे, तर आपल्याकडे जरीचा मंदील मानाच्या पोशाखात दिला जाई.

‘साली’ म्हणजे शाल. ग्रीकमध्ये ‘श’ हा ध्वनी नसल्यामुळे फारसी शालीचे असे झाले. ‘पिजामा’ हा शब्द तर आपल्याच देशातून गेला आहे : फारसी ‘पाय’ आणि ‘जामा’ यांपासून झालेला पायजमा इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला, रात्रीचा पोशाख म्हणून युरोपभर नेला आणि ग्रीकांपर्यंत पोहोचवला.

याच संदर्भात ‘पान्देलोनी’विषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. हा शब्द ग्रीकमध्ये पश्चिम युरोपातून आला. इटालियन प्रहसनांत पान्तालोने नावाचा एक म्हातारा व्हेनिशियन व्यापारी असे आणि त्याची लांब, तंग विजार ही त्याची ओळख होती. त्याच्यावरून त्या वस्त्राला नाव पडले. व्हेनिसमध्ये हे नाव लोकप्रिय झाले होते ते एका ख्रिस्ती संतामुळे, आणि त्या संताचे नाव मुळात ग्रीक होते. आजही ग्रीसमध्ये पान्देलिस नावाचे पुरुष सर्रास भेटतात. आपलाच शब्द परमुलखातून रूप पालटून परत येतो तेव्हा ग्रीक व्याकरणकार त्याला ‘आन्दिदानियो’, म्हणजे परत आलेले कर्ज, असे म्हणतात. शब्दांच्या अशा प्रवासाचा अभ्यास आपण महाविद्यालयात असतानाच सुरू करावा; मोल्सवर्थचा कोश समोर ठेवून फारसी-अरबी शब्दांच्या खुणा पाहत गेल्यास फार मोठे दालन उघडते.

प्रश्न : अथेन्सच्या संसदेसमोर उभे असणारे सैनिक झालरीचा पांढरा घागरा का घालतात? त्याला काय म्हणतात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या वस्त्राला ‘फुस्तानेला’ म्हणतात. ‘फुस्तानी’ म्हणजे झगा, आणि त्याला इटालियन पद्धतीचा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हा शब्द झाला. बाल्कन प्रदेशातील डोंगराळ भागांत, ग्रीकांप्रमाणेच अल्बेनियन पुरुषांतही, हा वेष प्रचलित होता. १८२१ साली सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धातील अनेक लढवय्ये तो घालत असल्यामुळे त्याला राष्ट्रीय वेषाची प्रतिष्ठा मिळाली, आणि १८३३ साली बव्हेरियातून आलेला पहिला राजा ओथोन यानेही तो दरबारी पोशाख म्हणून स्वीकारला. आजच्या फुस्तानेलाला ४०० चुण्या असतात आणि त्या उस्मानी सत्तेच्या चारशे वर्षांच्या स्मरणार्थ आहेत, असे सांगण्यात येते.

पायांत ‘त्सारूखिया’ असतात. हे तांबड्या चामड्याचे बूट असून त्यांच्या टोकाला काळा गोंडा असतो आणि तळाला खिळे ठोकलेले असतात, त्यामुळे पहारा बदलताना फरसबंदीवर त्यांचा आवाज घुमतो. अज्ञात सैनिकाच्या स्मारकासमोर हा पहारा दर तासाला बदलतो आणि रविवारी सकाळी अकरा वाजता मोठा सोहळा होतो. या सैनिकांना ‘एव्झोनेस’ म्हणतात. ‘एव’ म्हणजे चांगले आणि ‘झोनी’ म्हणजे कमरपट्टा, तेव्हा ‘कंबर नीट कसलेले’ असा त्याचा अर्थ. हा शब्द होमरच्या काव्यातही येतो, मात्र तेथे तो स्त्रियांसाठी योजलेला आहे.

प्रश्न : उच्चारांची भीती वाटते. काही उपाय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मराठी माणसाने भिण्याचे कारण नाही. ‘त्सेपी’ म्हणजे खिसा, ‘काल्त्सा’ म्हणजे पायमोजा, यांतील ‘त्स’ हा आपल्या ‘चाकू’, ‘चमचा’ यांतील दंत्य ‘च’ आहे, आणि ‘पिजामा’तील ‘ज’ आपल्या ‘जावई’तील आहे. आघात मात्र सांभाळावा लागतो. तो लेखनात चिन्हाने दाखवलेला असतो आणि ‘पुकामिसो’ म्हणताना ‘का’वर जोर न दिल्यास ऐकणारा गोंधळतो.

प्रश्न : मी पुढील महिन्यात व्यवसायानिमित्त थेसालोनिकीला जात आहे. तेथे कपडे घ्यावे लागतील. दुकानात उपयोगी पडतील अशी थोडी वाक्ये सांगावीत. एका मित्राने पाठवलेल्या छायाचित्रांत दुकानांच्या पाट्यांवरील शब्द माझ्या पुस्तकातील शब्दांशी जुळत नव्हते, त्याचेही कारण कळावे. – एक वाचक, पुणे

उत्तर : दुकानदार आपल्याला ‘ती नूमेरो फोराते’ असे विचारील, म्हणजे ‘कोणत्या मापाचे घालता?’ हे अनेकवचनी रूप आदराचे आहे आणि आपल्या ‘तुम्ही’च्या जागी येते. आपणही अनोळखी माणसाशी तेच वापरावे. बुटांची मापे युरोपीय असतात. आपल्याकडचा पुरुषांचा आठ नंबर तेथे सुमारे ४२ होतो. घालून पाहायचे असेल तर ‘बोरो ना तो दोकिमासो’ म्हणावे, आणि किंमत विचारताना ‘पोसो कानी’.

‘हा सदरा मला होत नाही’ हे वाक्य इंग्रजीतून ग्रीकमध्ये नेण्याच्या फंदात पडू नये. ग्रीकमध्ये ते ‘देन मू कानी’ असे होते, आणि त्यातील ‘मू’ हा आपल्या ‘मला’चेच काम करतो. तसेच ‘मू इने मेगालो’ म्हणजे ‘मला मोठा होतो’ आणि ‘मू पाई’ म्हणजे ‘मला शोभतो’. तंग असेल तर ‘स्तेनो’ आणि ढगळ असेल तर ‘फार्दी’ म्हणावे.

आता पाट्यांविषयी. एकोणिसाव्या शतकापासून ग्रीसमध्ये दोन भाषारूपे शेजारी शेजारी नांदत होती : घरात आणि बाजारात बोलली जाणारी ‘दिमोतिकी’, आणि प्राचीन ग्रीकच्या वळणाची, शासनाची व शाळेची ‘काथारेवूसा’. १९७६ साली कायद्याने दिमोतिकीला शिक्षणाची भाषा म्हणून मान्यता मिळाली आणि सरकारी कारभारही तिच्यात होऊ लागला, तरी पाट्यांवर जुने भारदस्त शब्द टिकून राहिले. म्हणून कपड्यांना बोलताना ‘रूखा’ म्हणतात, पण दुकानावर ‘एन्दिसी’ लिहिलेले असते. बुटांना सारे ‘पापूत्सिया’ म्हणतात, पण पाटीवर ‘इपोदिमाता’ असतात. आपल्याकडे चपलांच्या दुकानावर ‘पादत्राणे’ लिहितात, तोच हा प्रकार आहे. बोलताना मात्र पाटीवरचा शब्द वापरू नये. विक्रेत्याला अर्थ कळेल, पण वाक्य फार औपचारिक वाटेल.

काचेवर ‘एक्प्तोसिस’ असे मोठ्या अक्षरांत दिसले तर आत जरूर जावे. त्याचा अर्थ सवलतीची विक्री असा आहे. ती कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीत होते, हिवाळ्यात जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आणि उन्हाळ्यात जुलैच्या दुसऱ्या सोमवारपासून ऑगस्टअखेरपर्यंत.