सवाल-जवाब : क्लेम्स ट्रेनी, व्हिसा आणि अडीच लाखांचं लेटर

प्रश्न : नमस्कार ताई, मी बीएचएमएस, वय २७, मूळची नाशिकची. पुण्यात एका टीपीएमधे, म्हणजे विमा कंपन्यांचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीत, मेडिकल क्लेम्स प्रोसेसिंगला आहे, तीन वर्षं झाली. प्रिऑथ (उपचाराआधीची मंजुरी), कॅशलेस, रिएम्बर्समेंट सगळं केलंय. दिवसभर डिस्चार्ज समऱ्या वाचून डोळे जातात आणि पगार आहे तिथेच आहे. मला बाहेर जायचंय, यूके नाहीतर अमेरिका. टेलिग्रामवर एक कन्सल्टंट भेटलेत, ते म्हणतात यूकेच्या कंपनीत 'क्लेम्स ट्रेनी'ची पोस्ट आहे, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट काढून देतो, अडीच लाख लागतील, त्यातले एक लाख आधी. आई म्हणते सोनं मोडू. काय करू?

उत्तर : डॉक्टर, आधी आईला फोन करून सांगा की सोनं कपाटातच राहू दे. मग निवांत वाचा.

यूकेचं ते स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट म्हणजे छापील कागद नसतोच, कंपनी सरकारच्या सिस्टिममधून एका माणसासाठी एक नंबर काढते आणि तो नंबर व्हिसाच्या अर्जात टाकायचा असतो. तो विकणं बेकायदा आहे. आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून तर त्या सर्टिफिकेटचा खर्च स्किल्ड वर्करकडून वसूल करायचीही कंपनीला बंदी आहे, मग हे अडीच लाख नक्की कोणाला जाणार हे त्या कन्सल्टंट साहेबांना एकदा विचाराच. उत्तर येणार नाही, तुमचा नंबर ब्लॉक होईल, तेवढाच फायदा.

आता खरा मुद्दा. २२ जुलै २०२५ पासून यूकेने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या लेव्हलला नेली आणि साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पाउंड केली, २६ च्या आतल्यांना किंवा तिथेच शिकून लगेच नोकरीला लागणाऱ्यांना ३३,४०० वर भागतं. तिकडच्या क्लेम्स ट्रेनीचा पगार या आकड्यांच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. म्हणजे अमुक कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, ती पोस्टच व्हिसात बसत नाही. तुम्ही म्हणाल पण त्या कंपनीचं नाव सरकारच्या यादीत आहे, मी बघितलं. असेल ना. लायसन्सवाल्या स्पॉन्सरची यादी यूके सरकारच्या साइटवर कोणीही उघडून बघू शकतं, ठग पण तिथूनच नाव उचलतात. कंपनी यादीत असणं वेगळं आणि तिची ही पोस्ट व्हिसात बसणं वेगळं.

हे एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण मी स्वतः २००९ मधे अंधेरीच्या एका एजंटला चाळीस हजार दिले होते, दुबईच्या 'क्लेम्स ट्रेनी'साठीच. ऑफर लेटर आलं, त्यावर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं होतं, आणि मी दिवसाला साठ क्लेम्समधल्या खाडाखोडी पकडणारी बाई, मला ते दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे बघायचंच नव्हतं.

एक गोष्ट समजून घ्या. यूके-अमेरिकेत क्लेम्स शिकायला सहसा कोणी बाहेरच्या देशातून माणूस आणत नाही. शिकाऊ म्हणून त्यांच्याकडे त्यांचीच बारावी झालेली पोरं आहेत. बाहेरून आणतात ते काम येणाऱ्याला, आणि तुम्हाला ते येतंय. तीन वर्षं प्रिऑथवर बसलेला माणूस ट्रेनी नसतो हो, तुम्ही स्वतःला ट्रेनी म्हणून विकताय हीच गडबड आहे.

अमेरिकेचं पटकन सांगते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी लागणारंच खास काम लागतं, आणि क्लेम्स ॲडजस्टरच्या, म्हणजे नुकसान तपासून क्लेम ठरवणाऱ्याच्या, कामाला हायस्कूलचं शिक्षण चालतं असं त्यांच्याच कामगार खात्याच्या माहितीपुस्तकात आहे, तिथेच केस लंगडी पडते. वर वर्षाला ८५ हजार जागांची लॉटरी आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जाला १ लाख डॉलर लावलेत, ट्रेनीसाठी एवढे कोण भरेल. एच-थ्री नावाचा ट्रेनिंगचा व्हिसा आहे पण त्यात हे ट्रेनिंग तुमच्या देशात मिळत नाही असं दाखवावं लागतं, आता भारतात क्लेम्सचं ट्रेनिंग मिळत नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार, अर्ध्या जगाचे क्लेम्स तर पुण्या-बंगलोरला प्रोसेस होतात. राहिला जे-वन ट्रेनी व्हिसा, जास्तीत जास्त १८ महिने, पदवी अधिक एक वर्ष अमेरिकेबाहेरचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. पण यात 'स्पॉन्सर' म्हणजे नोकरी देणारी कंपनी नसते, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नेमलेली वेगळीच संस्था असते, आणि तुम्हाला घ्यायला तयार असलेली कंपनी बहुतेक वेळा तुम्हालाच शोधावी लागते. शिवाय नुसतं काम करून घ्यायला हा व्हिसा नाही, लेखी ट्रेनिंग प्लॅन लागतो आणि संपला की परत यायचं. आतेभाऊ-मामेभाऊ कोणी तिकडच्या इन्शुरन्स कंपनीत बऱ्या पोस्टवर असेल तर विचारून बघा, नाहीतर सोडून द्या.

यूकेचा मात्र एक रस्ता आहे आणि त्यात एजंट लागतच नाही म्हणून कोणी एजंट सांगत नाही. इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. वय १८ ते ३०, पदवी, आणि खात्यात सलग २८ दिवस २,५३० पाउंड, म्हणजे साधारण तीन लाखांच्या आसपास, ते दाखवायचे, कोणाला द्यायचे नाहीत. वर्षाला ३ हजार जागा, सहसा फेब्रुवारीत आणि जुलैत बॅलट, म्हणजे लॉटरी, उघडतं, खिडकी जेमतेम दोन दिवसांची असते, नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नंबर लागला तर दोन वर्षांचा व्हिसा, स्पॉन्सर नको, ऑफर लेटर नको, तिथे जाऊन कुठल्याही कंपनीच्या क्लेम्स डेस्कला नोकरी शोधा. व्हिसा फी वेगळी आणि हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड, तेवढं धरून चला. दोन वर्षांनी वाढवून मिळत नाही हेही खरं. नशिबाचा भाग आहे, पण वयाची चार वर्षं हातात आहेत म्हणजे सात-आठ वेळा नाव टाकता येईल. तारखा फोनमधे अलार्म लावून ठेवा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत ते आखात. मला विचाराल तर तुमच्यासाठी पहिला दरवाजा तोच. अबू धाबीत २००६ पासून आणि दुबईत २०१३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा झाला, १ जानेवारी २०२५ पासून शारजा-अजमानसकट उरलेल्या अमिरातीतही खाजगी नोकरदारांना लागू झाला, म्हणजे क्लेम्स वाढले आणि ते तपासणारी माणसं लागतातच. तिथे क्लेम्स ऑनलाइन पोर्टलवरून जातात, दुबईचं ईक्लेमलिंक, अबू धाबीचं शफाफिया, आणि सगळं कोडवर चालतं, निदानाला आयसीडी-टेन, प्रोसिजरला सीपीटी. आपल्याकडे बिल बघून नॉन-पेएबल कापायची सवय असते, हातमोजे काप, कापूस काप, तिकडे कोड आणि निदान जुळतंय का हे बघतात. ही एकच गोष्ट तुम्हाला कमी आहे आणि ती इथे बसून शिकता येते. एएपीसी या मेडिकल कोडिंगच्या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा, १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्याला पास. सुरुवातीला नावापुढे अप्रेंटिसचा ए लागतो, अनुभव दाखवला की निघतो. क्लेम्समधे पेशंट तपासायचा नसतो त्यामुळे होमिओपॅथी म्हणून बिचकू नका, मेडिकल बॅकग्राउंड म्हणून डिग्री चालवणाऱ्या जाहिराती असतात, पण जाहिरात नीट वाचून मगच अर्ज.

युएईत, म्हणजे या अमिरातींमधे, व्हिसा, परमिट, भरतीचा खर्च कायद्याने मालकाने करायचा, २०२१ च्या कामगार कायद्यात तसं स्पष्ट आहे. कोणी म्हणालं व्हिजिट व्हिसावर ये आणि कामाला लाग, बघू नंतर, तर नाही म्हणा. व्हिजिटवर नोकरी शोधता येते, करता येत नाही, आणि कंपनीलाही १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे शिक्के, आत्तापासून करून ठेवा, आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालय, मग युएई दूतावास. इकडे एजंट लागलाच तर भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदलेलाच घ्या, तो कायद्याने जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेऊ शकतो, त्याची पावती मागा.

सीव्हीत 'क्लेम्स प्रोसेसिंग' एवढंच लिहू नका. आपल्या विमा नियामकाच्या, आयआरडीएआयच्या, २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल तीन तासात द्यायचं बंधन घातलं, त्या घड्याळाखाली तुम्ही रोज किती केसेस काढता, किती क्वेरी टाकता, फ्रॉडच्या किती पकडल्या, ते आकडे लिहा. दुबईच्या एचआरला तेच वाचायचं असतं.

प्रश्न : ताई नमस्कार. सांगलीहून लिहितोय. मेकॅनिकल डिप्लोमा, वय २५, एका सर्व्हेयर काकांच्या हाताखाली मोटर सर्व्हे करतो, गॅरेजला जाणं, फोटो, एस्टिमेट, रिपोर्ट टाइप करणं. माझं स्वतःचं लायसन्स नाही, पगार रोख मिळतो. ऑस्ट्रेलियात ४०७ नावाचा ट्रेनिंग व्हिसा असतो असं मित्र म्हणतो, लॉस ॲडजस्टरसाठी, म्हणजे तिकडच्या सर्व्हेयरसाठी. मिळेल का? कॅनडा चालेल का?

उत्तर : मित्र खोटं सांगत नाहीये. ४०७ खरंच आहे, दोन वर्षांपर्यंत मिळतो, इंग्रजी पण फार मागत नाहीत. पण त्यात कंपनीने आधी स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, मग तुझं नॉमिनेशन, मग व्हिसा, आणि कौशल्य वाढवण्याच्या प्रकारात गेल्या २४ महिन्यांत त्याच कामाचा १२ महिने फुलटाइम अनुभव किंवा शिक्षण दाखवावं लागतं. आता मला सांग तुझा अनुभव कागदावर कुठाय? रिपोर्टवर सही काकांची, पगार हातात रोख. तू कितीही गॅरेज पालथी घातलीस तरी सरकारदरबारी तू नाहीसच.

म्हणून आधी लायसन्स. आपल्याकडे मोटरचा ५० हजारांच्या आणि इतर १ लाखाच्या वरचा क्लेम असला की लायसन्सवाला सर्व्हेयर लागतोच, त्यामुळे हे कार्ड इथेही पोट भरतं. काकांनाच सांग की माझी ट्रेनी म्हणून रीतसर नोंदणी करा, १२ महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आणि मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची परीक्षा. काका कुरकुर करतील, करू दे, आणि पगार यापुढे बँकेत घे.

कॅनडात ॲडजस्टरचं काम १२२०१ या कोडखाली टीअर २ या कौशल्याच्या पातळीत येतं, म्हणजे एक्सप्रेस एंट्रीत, तिथे कायम राहायला जाण्याच्या पॉइंटच्या पद्धतीत, अनुभव धरतात. पण मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा पॉइंट काढून टाकलेत, त्यामुळे 'एलएमआयए लेटर' (बाहेरचा माणूस घ्यायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) विकणाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नकोस, त्याची १ हजार डॉलर फी मालकाने भरायची असते, तुझ्याकडून घेता येत नाही.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी तुला दिसत नाहीये. २०२१ च्या कृष्णेच्या पुरात हाताखाली होतास ना? पाण्यात चालू केलेली गाडी, पाणी शिरून हायड्रोस्टॅटिक लॉक झालेलं, म्हणजे अडकलेलं, इंजिन, पॉलिसीत इंजिनचं ॲड-ऑन (जादा संरक्षण) नाही म्हणून भांडणारा मालक, हे सगळं तू बघितलंयस. १६ एप्रिल २०२४ ला युएईत पाऊस पडला, अल ऐनकडे चोवीस तासात २५४ मिमी, दुबईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या आणि नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्यांना स्वतःच्या गाडीचा एक दिरहम मिळाला नाही. तिथल्या मोटर क्लेम्सवाल्यांना पुराच्या गाडीचा भिजलेला वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) ओळखणारा माणूस लागतो. पुराच्या दहा-बारा गाड्यांच्या केसेस, गाडीमालकांची नावं वगळून, दोन-दोन ओळीत लिहून ठेव.

प्रश्न : ताई, मी लातूरची, बीकॉम शेवटच्या वर्षाला, वय २१. जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय. जर्मनीत इन्शुरन्समधे शिकता-शिकता पगार मिळतो म्हणे, खरं का?

उत्तर : खरं आहे गं. आजच्या तीन पत्रांत खरोखरची 'व्हिसासकट ट्रेनी' पोस्ट कुठे असेल तर ती इथेच आहे. तिला आउसबिल्डुंग म्हणतात, इन्शुरन्स आणि गुंतवणुकीचा कोर्स तीन वर्षांचा, काही दिवस शाळा, काही दिवस कंपनी, दर महिन्याला पगार, आणि त्यात क्लेम्सचं डिपार्टमेंट पण फिरवतात. कंपनीशी करार झाला की त्यावर व्हिसा. भाषा कागदावर बी१ लागते पण फोनवर चिडलेल्या जर्मन आजोबांचा क्लेम घ्यायचा तर बी१ पुरत नाही, कंपन्या बी२ बघतात. बॅच ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते आणि मोठ्या कंपन्या जागा वर्षभर आधीच भरायला घेतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बॅचसाठी अर्ज आत्ता. बी२ झालं नसेल तर परीक्षेची तारीख घेऊन ती अर्जात लिही. आणि क्लेम्सला ते 'शाडन' म्हणतात, म्हणजे नुकसान. जाहिराती त्या शब्दाने शोध, इंग्रजीत शोधत बसशील तर परत टेलिग्रामवालेच भेटतील.