फुकटच्या गाण्याला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी भुसावळचा, रेल्वेत आहे. घराजवळच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सहाला शास्त्रीय गाणं असतं, तिकीट नाही, कोणीही या. तीनदा गेलो. सुरुवातीचा अर्धा तास नुसतं हळूहळू चाललेलं असतं, डोक्यावरून जातं. मागच्या वेळी मधेच टाळी वाजवली तर पुढचे चार जण वळून बघायला लागले, लई ओशाळल्यासारखं झालं. मित्र म्हणतो, फुकटच्या गाण्याले कायले जातं भो. जाऊ की सोडून देऊ? आणि ड्यूटीमुळे आठला उठावं लागतं, ते चालतं का?

उत्तर: जा हो दादा! तीनदा गेलात म्हणजे काहीतरी आवडलंच असणार, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा पण फिरकत नाही. मित्राला म्हणावं, बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे पहिले धडे गिरवले ते आपल्या जळगावातच, मेहबूबखाँकडे, तेव्हा खान्देशात राहून गाण्याला नावं ठेवू नको.

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ऐकण्यात एक गंमत आहे. रागांना गायची ठरलेली वेळ असते ना, मग सहाला जो कोणी गायला बसेल तो बहुतेक पूरिया धनाश्री, मारवा नाहीतर यमनच काढणार, म्हणजे दोन-तीन महिन्यांत यमन तीन-चारदा तरी कानावर पडेल, दर वेळी वेगळ्या गळ्यातून, आणि मग एखाद्या शनिवारी नाव सांगायच्या आधीच वाटेल की अरे, हे तर ऐकलंय. माझं तसंच झालं, शिकले-बिकले काही नाही, यमनातला तो तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, लागला आणि एकदम ओळख पटली. तोडी, ललित हे राग मात्र तिथे भेटायचे नाहीत, त्यांच्यासाठी पहाटेची नाहीतर सकाळची मैफल गाठायची.

तो हळू भाग म्हणजे बहुतेक वेळा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल. मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, बाराच, पण इतक्या सावकाश की एक आवर्तन, म्हणजे बारांचा एक फेरा, कधीकधी पाऊण मिनिट चालतं, ते मोजत बसू नका, झोप लागेल. तबलजीकडे बघा. गायक मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, घेऊन परत यायला लागला की तबलजी मान जरा वर करतो आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दोघांची मान एकदम खाली येते, पुढच्या रांगेतल्या आजोबांची पण. मोजायचंच असेल तर नंतरचा द्रुत, म्हणजे जलद, तीनताल घ्या, बोटांच्या पेरांवर सोळा, एक-पाच-तेराला टाळी, नवाला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. ही आपली मांडीवरची टाळी हं, आवाजाची टाळी राग संपल्यावर, मधे आवडलं तर हळूच 'वा' पुरे.

आठला उठायचं तर कडेची खुर्ची धरा आणि राग संपून तानपुरा परत लावायला घेतात तेव्हा निघा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तारा सारख्या उतरतात, त्यामुळे लावालावी बरीच चालते, आरामात निसटता येतं. मैफल ज्या रागाने संपवतात ती शेवटची भैरवी हुकेल, त्याला इलाज नाही. दाराशी पेटी असली तर दहा-वीस रुपये टाका, तबलजीला पण घरी जायला रिक्षा लागते. आणि ड्यूटीचा डबा बरोबर असला तरी आत उघडू नका, एका बैठकीत माझ्या शेजारी एकांनी आलापीच्या वेळी वेफर्सचं पाकीट फोडलं होतं, तो कर्रर्र आवाज अजून कानात आहे.