आधी तुझं उत्तर, मग मशीनचं

बेटा,

परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी भरीत-पुरी खात होतो, ताट तसंच राहिलं. "काका, नेव्हिगेशनचे सर म्हणतात कुठल्याच यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका, आणि फ्लाइंगचे सर बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड घालायला लावून ओरडतात, यंत्रावर विश्वास ठेव! मी नक्की कुणाचं ऐकू? आणि जीपीएस असताना वारा धरून दिशा काढायचे हे वाऱ्याचे त्रिकोण कशाला काढायचे?"

बीएस्सी एव्हिएशनच्या दुसऱ्या वर्षाला हा प्रश्न पडला हे चांगलंच झालं, मला तो पडायला पस्तिशी उजाडली. दोघं सर बरोबर आहेत. पण दोघांनी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं असं, की मशीनकडे बघायच्या आधी तुझं स्वतःचं उत्तर तयार पाहिजे. कागदावर असो, तोंडी असो, ढोबळ असो, पण आधी तुझं, मग मशीनचं.

तुझ्या वडिलांना विचार. केळीचा ट्रक काट्यावर जायच्या आधी ते घड मोजतात, एका घडाचं सरासरी वजन धरतात आणि मनात आकडा ठेवतात. काटा खोटाच असतो असं त्यांचं म्हणणं नसतं, पण काट्याने दोन क्विंटल कमी दाखवलं तर ते कळायला आधी आपला आकडा लागतो ना. ज्याच्याकडे आकडाच नाही तो काटा सांगेल ते घेऊन घरी येतो. तू त्या घरातली पोरगी आहेस आणि मला विचारतेस त्रिकोण कशाला?

आता नीट ऐक. जळगाव ते धुळे हवेतून साधारण ४५ नॉटिकल मैल. तुझं विमान १०० नॉट्सचं, म्हणजे तासाला १०० नॉटिकल मैल, उत्तरेकडून सातपुड्यावरून १० नॉट्सचा वारा. तुम्हाला शिकवलेला साठास-एकचा नियम लाव, म्हणजे ६० मैलांवर १ अंशाची चूक १ मैल. वारा वेगाचा दहावा हिस्सा, म्हणजे ६० मैलांवर ६ मैल, म्हणजे ड्रिफ्ट (वाऱ्याने बाजूला सरकणं) ६ अंश. नाक उत्तरेकडे धरलं नाहीस तर धुळ्यापर्यंत साडेचार मैल, म्हणजे आठेक किलोमीटर दक्षिणेला जाशील, २७ मिनिटांत. हे डोक्यात करायला दहा सेकंद लागतात. हे आधी केलंस की मग जीपीएस लाव, खुशाल लाव, मी जीपीएसचा वैरी नाही (लोक म्हणतात, त्याबद्दल पुढे). पण तो दिशा दाखवेल तेव्हा तू "बरोबर" किंवा "हे कसं काय?" म्हणू शकशील. नाहीतर नुसती "हो" म्हणशील.

नुसतं "हो" म्हणण्याने काय होतं ते सांगतो. ३ सप्टेंबर १९८९, ब्राझीलमधलं मराबा ते बेलेम, तासाभराचं उड्डाण. फ्लाइट प्लॅनवर हेडिंग (नाकाची दिशा, उत्तरेपासून अंशांत) छापलं होतं ०२७०, त्यातला शेवटचा शून्य दशांशाचा, म्हणजे २७ अंश, जवळजवळ उत्तर. कॅप्टनने २७० लावलं, सरळ पश्चिम. को-पायलटने त्याचंच बघून तेच लावलं. संध्याकाळची वेळ होती बेटा, उत्तरेला जायचं तर मावळता सूर्य डाव्या हाताला पाहिजे, आणि तो यांच्या नाकासमोर! तीन तास जंगलावर फिरून इंधन संपलं, रात्री झाडांवर उतरवलं, ५४ पैकी १२ जण गेले. यंत्र बिघडलं नव्हतं, त्यात टाकलं तिकडेच ते गेलं. "बेलेम उत्तरेला" एवढं ढोबळ उत्तर जरी मनात जागं असतं तरी सूर्याने सांगितलं असतं.

आता तुझ्या हूडबद्दल. तू लिहिलंस की उजवं वळण संपवून लेव्हल केल्यावर शपथेवर सांगते विमान डावीकडे वळत होतं. वाटणारच. कानातल्या नळ्यांमधलं पाणी वळण वीसेक सेकंद एकसारखं चाललं की त्याच वेगाने फिरायला लागतं, मग मेंदूला वळण कळतच नाही, आणि वळण थांबलं की पाणी पुढे जात राहतं म्हणून उलटं वाटतं. ही तुझी कमजोरी नाही, सगळ्यांचे कान असेच. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचा अनुभव नसलेल्या २० जणांना असंच बसवलं, विसांच्या वीसही जणांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाही. तेव्हा शरीराचं ऐकायचं नाही हे फ्लाइंगचे सर ओरडून सांगतात ते बरोबरच आहे, त्यांनी आणखी ओरडावं.

पण शरीराचं नाही म्हणजे समोरच्या एका डायलचं, असंही नाही ना! १ जानेवारी १९७८, मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जम्बो, सम्राट अशोक. रात्र, खाली समुद्र, क्षितिज दिसत नाही. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा एडीआय (विमान किती कललंय ते दाखवणारा डायल) उजवीकडे कललेलाच अडकला. त्याने त्यावर विश्वास ठेवून डावीकडे कलवलं, कलवतच गेला. टेकऑफपासून दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात, २१३ माणसं. तुलना करायला शेजारी दुसरी यंत्रं होती. पण तुलना तोच करतो ज्याच्या मनात आधी असतं की आत्ता काय दिसायला पाहिजे.

म्हणून हूडखालीसुद्धा तेच. वळायच्या आधी तोंडाने बोल: वेग १००, बँक (कल) १५ अंश, वळण सेकंदाला ३ अंश, म्हणजे ९० अंशाला ३० सेकंद. मग वळ. एडीआय १५ दाखवतोय आणि हेडिंग हलत नाहीये? मग दोघांतलं एक खोटं बोलतंय, वळणाचा वेग दाखवणाऱ्या टर्न को-ऑर्डिनेटरला विचार, तो तिसरा साक्षीदार. हेडिंग दाखवणारा डीजी दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळव, तो सरकतोच. यंत्रावर विश्वास म्हणजे सगळ्या यंत्रांच्या मिळून आलेल्या साक्षीवर विश्वास, आणि साक्ष तपासायला आधी तुझं उत्तर. कितीदा सांगू? अजून सांगणार आहे.

माझं सांगतो, हे मी घरातही फार बोललो नाही. नव्वदचं दशक, मी एका चार्टर कंपनीत को-पायलट, नागपूरहून मुंबईला रात्रीचं छोटं दोन इंजिनांचं विमान. निघायच्या आधी मी सवयीने नेव्ह लॉग (दिशा आणि वेळेचा हिशोबाचा कागद) भरला होता, ट्रॅक, म्हणजे जमिनीवरची वाट, २५१ अंश. कॅप्टनने हातातल्या नवीन जीपीएसमध्ये मुंबईचा अक्षांश टाकला, १९ अंश ०५ मिनिटांऐवजी १९ अंश ५०. विमान २५८ वर उडायला लागलं. सात अंशांचा फरक मला पहिल्या पाच मिनिटांत दिसला. माझ्या मांडीवर कागद होता. आणि मी काय केलं, कॅप्टनसाठी कारण शोधलं! म्हटलं वारा उत्तरेचा असेल, त्यांनी धरला असेल, त्यांचे तास माझ्या पाचपट, मशीन नवीन आहे, मलाच कळत नसेल. जवळजवळ दीड तास मी गप्प बसलो. तेव्हाच्या औरंगाबादचं व्हीओआर (जमिनीवरचं दिशा सांगणारं रेडिओ केंद्र) आमच्या वाटेवर जवळपास पायाखाली यायला पाहिजे होतं, ते डावीकडे पंचवीस मैलांवर गेलं, तेव्हा कॅप्टननेच बघितलं आणि दुरुस्त केलं. काही झालं नाही. उतरलो, चहा प्यायलो, कुणाला कळलं नाही. पण माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते वापरलं नाही, ते अजून जात नाही. उत्तर नसलेला माणूस निदान अडाणी असतो, मी तर उत्तर दाबून बसलो होतो.

त्यानंतर मी हट्टी झालो. प्रत्येक उड्डाणाला हाताने लॉग, प्रत्येक वेपॉइंट (वाटेवरचा ठरलेला बिंदू) मोठ्याने वाचून दोघांनी तपासायचा, फरक दोन अंशांचा असला तरी विचारणार. कंपनीत म्हणायला लागले हा वेळ खातो, पॅसेंजर गाडीत बसून राहतात. एक्केचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि अमळनेरला येऊन पोरांना शिकवायला लागलो. नातेवाईक अजून म्हणतात, टिकला नाही. मी टिकलो नाही हे खरं, पण ज्या ठिकाणी पाच मिनिटांचा हिशोब जड होतो तिथे टिकून मी काय करणार होतो? तूच सांग. आणि आज पश्चिम आशियात, आपल्याकडे अमृतसर-जम्मूच्या बाजूला वैमानिकांना जीपीएसचे खोटे सिग्नल मिळतायत, स्क्रीनवर विमान भलतीकडेच दिसतं. तेव्हा मला जुनाट म्हणणारे आता काय म्हणत असतील, विचारायला गेलो नाही.

राहिली डीजीसीएची, म्हणजे वैमानिकाचा परवाना देणाऱ्या सरकारी खात्याची परीक्षा. सत्तर टक्के हवेत, आणि तुझ्या मैत्रिणी क्वेश्चन बँक पाठ करून पास होतायत म्हणून तू खचलीस. पाठ करायचं तर कर, पास होणं भागच आहे, घरून पैसे कसे आलेत मला माहीत आहे. पण पर्याय वाचायच्या आधी ते चार पर्याय हाताने झाक आणि ढोबळ उत्तर बाजूला लिही. व्हेरिएशनसुद्धा (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) लिही, आपल्या खान्देशात ते एका अंशाच्या आत म्हणून इथली पोरं ते विसरूनच जातात आणि मग उत्तरेकडच्या देशांची गणितं चुकतात.

हूडखाली सर हेडिंग देतील तेव्हाही बोल. आवाज चढेल त्यांचा, चढू दे. "सर, माझ्या हिशोबाने २५१ येतंय" एवढंच वाक्य. मला ते तेव्हा जमलं नाही.

रविवारी ये. सुरत-भुसावळ लाइनची कुठलीही पॅसेंजर धर, आणि खिडकीत बसून अमळनेर किती वाजता येईल ते टाइमटेबल न बघता कागदावर लिहून आण, डब्यातून दिसणाऱ्या किलोमीटरच्या पाट्या मोजून वेग काढ. मी स्टेशनवर असेन, आधी कागद बघेन. तुझं इ-सिक्स-बी (वैमानिकाची हिशोबाची गोल पट्टी) पण घेऊन ये, माझ्या पट्टीवरचे आकडे पुसले गेलेत.

— तुझा काका