जागा आहे, तरी जागा नाही

या खेपेला पत्रं आली ती बहुतेक होस्टिंग चालवणाऱ्यांचीच. मी जळगावात घरातल्या एका खोलीतून दोनशेच्या आसपास साइट सांभाळते, त्यामुळे ही दुखणी परकी नाहीत.

प्रश्न : ताई, सर्व्हरची निम्मी डिस्क रिकामी दिसते, तरी ग्राहकांना फोटो चढवता येत नाहीत. लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. डिस्क गेली का? (भुसावळ)

उत्तर : डिस्क ठणठणीत असणार, भाऊ. भरीत पार्टीला पातेल्यात भरीत उरलंय, पण वाढायला केळीची पानंच संपली, तर पंगत बसेल का? (रावेर-यावलकडे पानं संपणं अवघड, पण धरून चला.) लिनक्सवर प्रत्येक फाइलीला, मग ती एका बाइटची का असेना, एक आयनोड, म्हणजे त्या फाइलीची नोंद ठेवणारा खण, लागतो. ईएक्सटी४ प्रकारची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बनवतानाच आयनोड किती ते ठरून जातं. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबी जागेमागे एक. बारक्या फाइलींचा ढीग झाला की आयनोड संपतात आणि जागा तशीच पडून राहते. तुम्ही नुसती जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा बघत असाल. आयनोड दाखवणारी ‘डीएफ -आय’ बघा. तिथे १०० टक्के दिसलं की निदान झालं.

मग चोर शोधायचा. ‘डीयू’ला ‘--आयनोड्स’ लावलं की कोणत्या फोल्डरात किती ते कळतं. माझ्याकडे बहुतेक वेळा सापडतात पीएचपीची सेशन (साइटवर आलेल्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद), नाहीतर कॅशे, नाहीतर रांगेत अडकलेले बाउन्स, म्हणजे परत फिरलेले, मेल. मागे चोपड्याच्या एका दुकानाच्या साइटवर हेच झालं. डेव्हलपरने सेशनचा फोल्डर साइटच्या आत हलवला होता. डेबियन-उबंटूवर जुनी सेशन झाडायचं काम पीएचपी स्वतः करत नाही, एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) करतो, आणि तो मुख्य सेटिंगमधलाच फोल्डर झाडतो. हलवलेल्या फोल्डराकडे कुणी फिरकलंच नव्हतं. नऊ लाखांवर फाइली निघाल्या.

उडवताना घाई नको. फाइली उडवणाऱ्या ‘आरएम’पुढे तारा (*) दिलीत तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून तो हात वर करेल. ‘फाइंड’ वापरा, एक दिवसापेक्षा जुन्या फाइली निवडा, आधी नुसती यादी डोळ्यांखालून घाला आणि मगच ‘-डिलीट’ लावा. ते कायम शेवटी. अटींच्या आधी लावलंत तर फाइंड अटी बघायच्या आधीच फोल्डर साफ करून मोकळा होतो. नंतर त्या फोल्डरासाठी स्वतःचा क्रॉन टाका. काही जण अशा वेळी ग्राहकाला ‘मोठा प्लॅन घ्या’ सांगून मोकळे होतात. डिस्क वाढवली की आयनोडही वाढतात, हे खरं. पण झाडू मारला नाही तर तेही भरणारच. ग्राहकाच्या खिशातून आपला आळस भरून काढणं मला पटत नाही.

प्रश्न : साइटच्या ‘एचटीटीपीएस’साठी लागणारी लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं आपोआप नवी होतात. पण तीनच ग्राहकांची दर वेळी संपतात आणि सकाळी सकाळी फोन येतो. असं का? (अमळनेर)

उत्तर : तीनच आहेत म्हणजे दोष क्रॉनचा नाही, त्या डोमेनचा आहे. त्यांचा डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) उघडा आणि एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, आहे का बघा. साइट तुमच्याकडे आणताना आपण ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ चा पत्ता) बदलतो आणि आयपीव्ही६ चा जुना पत्ता विसरतो. लेट्स एन्क्रिप्टचा तपासणी करणारा सर्व्हर आधी आयपीव्ही६ वर जातो. तिथे जुना सर्व्हर जिवंत असेल तर तो ‘४०४’ (सापडत नाही) सांगतो आणि नूतनीकरण बोंबलतं. जुन्या घरी पत्र गेल्यासारखं.

एएएए नसेल तर सर्टिफिकेटात कोणकोणती नावं आहेत ते वाचा. ग्राहकाने एखादं सबडोमेन दुसरीकडे नेलं असेल, तर त्या एका नावापायी सगळं सर्टिफिकेट अडतं. सर्टिफिकेट नवं होऊनही ब्राउझर जुनं दाखवत असेल, तर वेब सर्व्हर रीलोड करायचा राहिलाय.

मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा पाळत स्वतःच ठेवा. २० दिवसांपेक्षा कमी उरले की मला मोबाइलवर निरोप येतो. काही ग्राहकांची विकतची सर्टिफिकेटं तुम्ही वहीत तारखा लिहून सांभाळत असाल तर ती वही मिटा. १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटाची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ असं ठरलं आहे.

प्रश्न : रविवारी साइट नव्या सर्व्हरवर हलवली. सोमवारी निम्म्या लोकांना जुनीच दिसत होती. (शहादा)

उत्तर : टीटीएल (डोमेनचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ८६४०० सेकंद असणार, म्हणजे पूर्ण दिवस. हलवायच्या आदल्या दिवशी तो ३०० करायचा. जुना सर्व्हर दोन-तीन दिवस चालू ठेवा आणि तिथे उतरलेले मेल आणायला विसरू नका.

प्रश्न : बॅकअप रोज रात्री होतो, ‘झाला’ असा मेलही येतो. तरी तपासायचा का? (पाचोरा)

उत्तर : मलाही तो मेल यायचा. बोदवडच्या एका मंगल कार्यालयाची साइट ऐन लग्नसराईत उडाली आणि मी निर्धास्तपणे बॅकअप उघडला, तर फाइल शून्य बाइटची. बॅकअपची डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच भरली होती. स्क्रिप्ट मीच लिहिलेली. काम फसलं तरी शेवटच्या ओळीत ती ‘झाला’ म्हणायची. तारखांची नोंदणी त्या माणसाने माझ्यासमोर बसून वहीतून पुन्हा भरली. चहा मात्र त्यानेच पाजला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका ग्राहकाचा बॅकअप रिकाम्या मशीनवर उभा करून बघते. सासूबाई विचारतात, चालू असलेली साइट परत कशाला चालू करतेस? गेल्या खेपेला धुळ्याच्या एका दवाखान्याची पाळी होती. फोटो आले, डेटाबेस आला, मेलबॉक्स आलेच नाहीत. बॅकअपच्या यादीत तो फोल्डर मी कधी घातलाच नव्हता. आता घातलाय.